प्राचीन इस्राएली लोकांचा ‘वंश’ : या वादाविषयी काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने?

दूरदेशी

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात राहतो. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन बाजारपेठेत गेलो असता एका चौकात भरतकाम केलेले झगे घातलेले सहा-सात कृष्णवर्णीय पुरुष ध्वनिवर्धकावरून बायबलमधील वचने वाचताना दिसले. त्यांच्या मागे एक मोठा तक्ता होता. त्यावर इस्राएलच्या बारा वंशांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे आजचा एकेक समाज लिहिलेला होता : यहूदापुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय, लेवीपुढे हैतीचे लोक, गादपुढे अमेरिकेचे मूळ रहिवासी. आज जे ज्यू म्हणवतात ते खरे इस्राएली नव्हेतच, असे त्यांचे सांगणे होते. सोळा वर्षांच्या मुलीने घरी येताना विचारले, “बाबा, मग खरे इस्राएली दिसायला कसे होते?” मला धड उत्तर देता आले नाही.

त्यानंतर थोडे शोधले, तर गोंधळ वाढलाच. एका ठिकाणी ते गोरे होते असे ठासून लिहिलेले, दुसरीकडे ते आफ्रिकी होते असे, आणि तिसरीकडे जनुकशास्त्राने हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे असे. आमच्या येथे आठ मराठी कुटुंबांचे वाचनमंडळ आहे. पुढच्या बैठकीत या विषयावर चाळीस मिनिटे बोलण्याचे मी उत्साहाच्या भरात कबूल करून बसलो आहे आणि हाताशी सहा आठवडे आहेत. इंग्रजी वाचता येते, हिब्रूचा गंध नाही. चित्रफिती नकोत, त्या पुरेशा पाहून झाल्या. विश्वासार्ह असे काय वाचावे, कोठून सुरुवात करावी आणि काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खापरतुकडा

आपण ज्याला एक वाद म्हणत आहात ते दोन वेगळे विषय आहेत, आणि ते एकत्र वाचायला घेतल्यामुळेच बहुतेकांची फसगत होते. इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास कनानच्या, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या, डोंगराळ भागात राहणारे लोक कोण होते, हा पहिला विषय. गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या लोकांनी त्यांना आपापल्या रंगात का रंगवले, हा दुसरा. आपल्या मुलीचा प्रश्न पहिल्या विषयातला आहे, पण चौकातला तो तक्ता सर्वस्वी दुसऱ्या विषयातला आहे. माझा सल्ला असा की दोन्हींसाठी वेगळ्या वह्या कराव्यात.

पहिल्या विषयासाठी विल्यम डेव्हर या पुरातत्त्वज्ञाचे, प्रारंभीचे इस्राएली कोण होते आणि कोठून आले याच प्रश्नाला वाहिलेले 2003 सालचे पुस्तक घ्यावे. थोडे तिरकस आणि भांडकुदळ आहे, परंतु वाचनीय आहे. त्यातून आपल्याला कळेल की ‘इस्राएल’ हे नाव बायबलबाहेर सर्वप्रथम निर्विवादपणे आढळते ते इजिप्तचा फारो मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात. हा शिलालेख इसवी सनापूर्वी सुमारे 1208 चा असून 1896 साली फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्ज येथे सापडला. शेजारच्या अश्कलोन, गेझेर या नावांना तेथे नगराचे वा प्रदेशाचे चिन्ह जोडलेले आहे, तर इस्राएलला लोकसमूहाचे. म्हणजे इजिप्तच्या लेखनिकाला हे कोणी तरी ‘लोक’ आहेत एवढे ठाऊक होते. ते कसे दिसत होते, हे सांगण्याची त्याला गरज वाटली नाही.

त्याच काळात डोंगराळ भागात शेकडो लहान वस्त्या नव्याने उभ्या राहिल्या. तेथील मडकी, घरे, भाषा आणि लिपी हे सारे सखल भागातील कनानी लोकांच्या परंपरेतलेच आहे. गळ्याशी कंगोरा असलेले धान्याचे रांजण आणि खांबांनी विभागलेली घरे ही या वस्त्यांची खूण मानली जाते. डुकराची हाडे न सापडणे हीही पूर्वी पक्की खूण मानत असत, मात्र नंतरच्या अभ्यासांनी ती बरीच सैल केली आहे, कारण इस्राएलींच्या दोन राज्यांपैकी (उत्तरेकडचे इस्राएल, दक्षिणेकडचे यहूदा) उत्तरेकडच्या राज्यात पुढील काळात डुकराची हाडे पुरेशी मिळतात. एकंदरीत बहुसंख्य अभ्यासकांचे मत असे, की प्रारंभीचे इस्राएली हे मुख्यतः कनानमधलेच लोक होते आणि त्यांत बाहेरून आलेले काही गट मिसळले असावेत. गंमत अशी, की बायबललाही हे पूर्णपणे अमान्य नाही. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात यरुशलेमेला उद्देशून सरळ म्हटले आहे की तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती.

आता चित्रांविषयी, कारण आपल्या श्रोत्यांना चित्रेच हवी असणार. लाखीश नगराच्या वेढ्याची, इसवी सनापूर्वी 701 सालची, अश्शूरी (असिरियन) शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यहूदाचे लोक त्यांच्या शत्रूने, पण त्यांच्या हयातीत, कोरले ते येथे : बैलगाड्यांवर बोचकी, बायामुले, आखूड दाढीचे पुरुष. याच संग्रहालयातील काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू, किंवा त्याचा दूत, अश्शूरच्या राजापुढे जमिनीवर वाकलेला दिसतो. या शिल्पांवरून पोशाख कळतो, केशरचना कळते, अपमान कळतो, पण कातडीचा रंग कळत नाही. इजिप्तच्या थडग्यांतील रंगीत चित्रे दाखवून कोणी निष्कर्ष काढू लागला तर त्याला एवढेच विचारावे की त्याच चित्रकारांनी आपल्या देशातील पुरुष तांबूस आणि स्त्रिया पिवळट का रंगवल्या. तो चित्रसंकेत होता. एका घरातील नवराबायकोंचा वंश त्यामुळे वेगळा ठरत नाही.

गुणसूत्र

खापरतुकडा यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु सहा आठवडेच हाताशी असतील तर मी जनुकशास्त्रापासून सुरुवात करीन. मे 2020 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दक्षिण लेव्हांटच्या, म्हणजे कनान परिसराच्या, कांस्ययुगीन लोकांवरील शोधनिबंध आला. त्यात हाझोर, मगिद्दो, आबेल बेथ माका अशा पाच स्थळांवरील 73 व्यक्तींच्या अवशेषांतील डीएनए नव्याने तपासला होता. निष्कर्ष असा, की ‘कनानी’ म्हणून ओळखले जाणारे लोक वेगवेगळ्या नगरांत राहत असूनही जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या जवळचे होते, आणि त्यांची घडण स्थानिक नवाश्मयुगीन लोक व झाग्रोस-कॉकेशसकडून आलेले लोक यांच्या मिश्रणातून झाली होती. आजचे बहुतेक ज्यू समाज आणि त्या भागातील अरबीभाषक समाज यांच्या वारशाचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग अशा पूर्वजांशी जुळतो, असेही त्यात म्हटले आहे. युरोपातील ज्यू हे सगळे खझार नावाच्या तुर्की लोकांचे वंशज होत, हे मत या आणि आधीच्या अभ्यासांपुढे टिकत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

खापरतुकडा

गुणसूत्र यांच्याशी माझा वाद निष्कर्षांबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. जनुकशास्त्र आधी वाचले की वाचकाच्या मनात ‘खरे कोण’ हा प्रश्न पक्का होतो आणि मग तो प्रत्येक टक्केवारीत त्याचेच उत्तर शोधू लागतो. या शोधनिबंधातील बहुतेक अवशेष इस्राएलच्या राज्यांच्या आधीचे आहेत, हेही लक्षात ठेवावे.

शिवाय शास्त्राच्या नावाखाली या विषयात पूर्वी काय झाले त्याचे एक उदाहरण देतो. लाखीश येथे 1930 च्या दशकात ब्रिटिश उत्खनन झाले, तेव्हा काही थडग्यांत शेकडो माणसांची हाडे एकावर एक रचलेली सापडली. त्यांतील 695 कवट्यांची मोजमापे घेऊन रिस्डन यांनी 1939 साली निष्कर्ष काढला की हे लोक इजिप्तच्या, त्यातही दक्षिण इजिप्तच्या, लोकांशी जवळचे होते. हा एक निबंध आजतागायत ‘इस्राएली आफ्रिकी होते’ याचा पुरावा म्हणून फिरतो आहे. 1988 साली कीटा यांनी त्याच कवट्यांची आकडेवारी नव्या पद्धतीने तपासली, तेव्हा चित्र कितीतरी संमिश्र निघाले. ज्या पद्धतीने रिस्डन यांनी कवट्या मोजल्या तिच्याच थोरल्या भावंडाने आपल्याकडे रिस्ले या ब्रिटिश साहेबांना नाके मोजायला लावले होते आणि मराठ्यांना ‘सिथो-द्रविड’ ठरवले होते. ते आज आपण हसण्यावारी नेतो, मग लाखीशच्या कवट्यांपुढे एवढे गंभीर का व्हावे?

गुणसूत्र

क्रम बदलायला माझी हरकत नाही. फक्त कवट्यांच्या मोजमापाला आणि प्राचीन डीएनएला एकाच तागडीत तोलू नये, एवढे नम्रपणे नोंदवतो.

सावळा गोंधळ

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी मराठी शिकवतो, म्हणून भाषेच्या बाजूने भर घालतो. दूरदेशी, आपण मराठीतून बोलणार असाल तर पहिली पाच मिनिटे ‘वंश’ या एकाच शब्दावर खर्च करावीत. सूर्यवंश, यदुवंश म्हणताना आपल्याला कुळी अभिप्रेत असते. ‘वंशाचा दिवा’ म्हणताना मुलगा अभिप्रेत असतो. आणि ‘वंशवाद’ म्हणताना आपण अचानक कातडीच्या रंगाकडे आणि कवटीच्या आकाराकडे जातो. इस्राएलचे ‘बारा वंश’ हे पहिल्या अर्थाने वंश आहेत, म्हणजे याकोबाच्या मुलांच्या कुळ्या. चौकातल्या तक्त्याने ते दुसऱ्या अर्थाने वाचले आहेत. मराठी श्रोत्यांकडून नकळत हीच घसरगुंडी होण्याचा धोका इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी शब्दच एक आहे.

मूळ ग्रंथांतील वचने मुळातून वाचावीत. फार नाहीत, एका संध्याकाळचे काम आहे. बायबलमधील गणना या पुस्तकाचा बारावा अध्याय : मोशेने कूशी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील कूश देशाच्या, स्त्रीशी लग्न केले म्हणून मिर्याम आणि अहरोन कुरकुर करतात, आणि शिक्षा होते ती मिर्यामेला, तिची कातडी कोडाने बर्फासारखी पांढरी होते. हा विरोधाभास मुद्दाम योजलेला आहे की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण वाचताना तो डोळ्यांत भरतोच. यिर्मया तेराव्या अध्यायात विचारतो की कूशी माणसाला आपली कातडी पालटता येईल काय. यावरून एवढे नक्की कळते की ऐकणाऱ्यांच्या लेखी कूशी लोकांचा रंग त्यांच्या स्वतःच्या रंगाहून वेगळा होता. गीतरत्नाच्या आरंभी नायिका म्हणते की मी काळी आहे ‘व’ सुंदर आहे. हिब्रूतले ते अव्यय योगायोगाने मराठी ‘व’च्याच उच्चाराचे आहे आणि त्याचा अर्थ ‘आणि’ असाही होतो, ‘पण’ असाही. ग्रीक भाषांतराने ‘आणि’ घेतले, लॅटिनने ‘पण’ घेतले, आणि त्या एका ‘पण’ने पुढे किती पाने खर्ची घातली हे सांगत बसलो तर धागा लांबेल. पुढच्याच ओवीत ती सांगते की उन्हाने मला रापवले आहे, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावले.

रंगाविषयीचे सर्वांत थेट वाक्य मात्र बायबलमध्ये नसून मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात आहे, ज्याचे संकलन इसवी सन 200 च्या सुमारास झाले. नगाईम या प्रकरणात रब्बी (धर्मपंडित) इश्माएल म्हणतात की इस्राएलची लेकरे बॉक्स नावाच्या झाडाच्या लाकडासारखी आहेत, ना काळी ना गोरी, मधली. मला तर वाचताना ‘गव्हाळ’ हाच शब्द आठवला. हे विधान अभिमानाने केलेले नाही, हे विशेष. संदर्भ आहे तो अंगावरच्या पांढऱ्या डागाच्या तपासणीचा : गोऱ्यापान जर्मन माणसाच्या अंगावर तेजस्वी डाग फिका दिसेल आणि कूशी माणसाच्या अंगावर फिका डागही तेजस्वी दिसेल, मग याजकाने पारख कोणत्या रंगावर करायची, असा तो निखळ व्यवहारी प्रश्न आहे.

या सर्व वचनांच्या अभ्यासासाठी डेव्हिड गोल्डनबर्ग यांचे ‘द कर्स ऑफ हॅम’ हे 2003 सालचे पुस्तक घ्यावे. नोहाने शाप दिला तो हामाला नव्हे, त्याचा मुलगा कनान याला, आणि त्यात रंगाचा उल्लेखही नाही. तरीही शतकानुशतके तो शाप काळ्या लोकांच्या गुलामगिरीचे समर्थन म्हणून कसा वापरला गेला, याचा माग त्यांनी काढला आहे. पुस्तक जड आहे. तळटिपा पहिल्या वाचनात सोडून द्याव्यात.

खापरतुकडा

आता दुसऱ्या वहीविषयी. तिची सुरुवात चौकातल्या तक्त्यापासून करू नये, कारण हा साचा आधी गोऱ्यांनी घडवला. अश्शूरच्या राजाने इसवी सनापूर्वी 720 च्या सुमारास उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन येथून सत्तावीस हजारांहून अधिक लोक हद्दपार केल्याचे त्याच्याच लेखात आहे. त्यातून ‘हरवलेल्या दहा कुळ्यां’ची कथा वाढली. 1840 साली जॉन विल्सन यांनी व्याख्यानांच्या पुस्तकातून असे मांडले की त्या कुळ्या उत्तरेकडे सरकत युरोपात आल्या आणि इंग्रज हेच त्यांचे वंशज होत. साम्राज्य चालवणाऱ्यांना ही कल्पना सोयीची होती यात नवल नाही. पुढे अमेरिकेत तिचीच एक शाखा उघड ज्यूद्वेष्टी झाली आणि गोऱ्यांखेरीज कोणी इस्राएली असूच शकत नाही असे म्हणू लागली.

कृष्णवर्णीयांच्या चळवळीची पार्श्वभूमी वेगळी आहे. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांना निर्गमाची, म्हणजे इस्राएली लोक इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची, कथा आपलीच वाटली, आणि ती तशी वाटावी यासारखे स्वाभाविक दुसरे काही नाही. 1896 साली कॅन्ससमध्ये विल्यम सॉन्डर्स क्राउडी यांनी आणि 1919 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वेन्टवर्थ मॅथ्यू यांनी आपापल्या मंडळ्या स्थापल्या. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचे शेवटचे वचन, जहाजांतून पुन्हा मिसरात (इजिप्तमध्ये) नेले जाण्याचे आणि विकले जाण्याचे, हे त्यांच्यापैकी अनेकांना अटलांटिकच्या गुलामव्यापाराचे भाकीत वाटते. तो चौकातला तक्ता 1960 नंतरच्या हार्लेममधील एका शाखेतून आलेला आहे. सर्वांना एका माळेत ओवू नये, ही विनंती. बेन अम्मी यांच्यासोबत शिकागोहून 1967 साली लायबेरियाला आणि तेथून 1969 पासून इस्राएलला गेलेले लोक आज दिमोना गावात शाकाहारी समूहजीवन जगतात आणि त्यांचा चौकातल्या आरडाओरडीशी काही संबंध नाही. इथिओपियाचे बेता इस्राएल तर आणखी वेगळे. त्यांची परंपरा शतकांची आहे आणि 1970 च्या दशकात इस्राएलने त्यांना ज्यू म्हणून मान्यता दिली आहे. या भागासाठी जेकब डॉरमन यांचे ‘चोझन पीपल’, 2013 सालचे, पुरेसे आहे.

नवगाव ते ठाणे

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी ज्यू, आहे. धागा दोन दिवस वाचत होते, बोलावे की नाही असा विचार करत होते.

आमच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावला फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी आमच्याकडची परंपरागत कथा. कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून आम्ही ‘शनवार तेली’. आडनावे गावांवरून, केहिमकर, पेणकर, रोहेकर. ‘खरे इस्राएली कोण’ हा प्रश्न आपल्यासाठी वाचनमंडळाचा विषय असेल, आमच्या आधीच्या पिढीसाठी तो लग्नाच्या परवानगीचा प्रश्न होता. इस्राएलमध्ये 1962 साली मुख्य रब्बींच्या कचेरीने असा आदेश काढला की बेने इस्राएल वधूवरांच्या आईआजीपर्यंतच्या पूर्वजांची चौकशी करावी. 1964 साली निदर्शने झाली, संसदेत विषय गेला, तेव्हा कोठे त्या आदेशातून आमच्या समाजाचे नाव वगळले गेले. माझी मावशी त्या निदर्शनांत होती. “मी कोण हे मला ठाऊक आहे, कागद त्यांना हवा होता,” एवढेच ती सांगत असे, आणि पुढे विषय बदलत असे.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे की रंगाचा आणि रक्ताचा हिशेब आम्हीही केला आहे. आमच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद होते, काळे म्हणजे बाहेरच्या आईची संतती असे मानत, आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. म्हणजे रूथ मवाबी, म्हणजे परक्या लोकांतली, असून दावीद राजाची पणजी झाली हे प्रार्थनागृहात भक्तीने वाचायचे आणि घरी येऊन सुनेच्या आजीची चौकशी करायची.

गुणसूत्र यांनी 2016 सालचा आमच्या समाजावरचा अभ्यास पाहिला असेलच. मध्यपूर्वेतील ज्यूंशी नाते आणि भारतीय वारसा, दोन्ही त्यात ठळक दिसले. पहिला वारसा मुख्यतः वडिलांकडून, दुसरा आईकडून. ते वाचून आमच्या घरी एक काका आनंदाने नाचायचे बाकी राहिले होते आणि आई म्हणाली, “पुरणपोळी कोणाकडून आली ते त्यात लिहिले आहे का?”

पुस्तक एकच सुचवते. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी 1897 साली लिहिलेला आणि 1937 साली तेल अवीवहून प्रसिद्ध झालेला बेने इस्राएलांचा इतिहास. प्राचीन इस्राएलींविषयीचे त्यांचे तर्क आज टिकणारे नाहीत, परंतु एक समाज आपले मूळ सिद्ध करण्यासाठी पुरावे कसे गोळा करतो हे पाहायचे असेल तर यासारखे पुस्तक नाही, आणि ते आपल्याच किनाऱ्यावरचे आहे.

गुणसूत्र

होय, तो अभ्यास पाहिला आहे. हे मिश्रण साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा त्यात अंदाज आहे. म्हणजे ते जहाज फुटले त्याचा काळ त्यावरून ठरत नाही; फक्त दोन समूहांत लग्ने केव्हा झाली याचा अदमास मिळतो. दक्षिण आफ्रिकेतील लेम्बा लोकांबाबतही असेच घडले. 2000 साली त्यांच्या बुबा या पुरोहित कुळीत ज्यू याजकांमध्ये आढळणारे एक पितृसूत्र (बापाकडून मुलाकडे जाणारी जनुकीय खूण) सापडले आणि मोठी बातमी झाली. नंतरच्या, अधिक बारकाईने केलेल्या तपासणीने तो निष्कर्ष बराच सौम्य केला. खापरतुकडा यांना क्रमाच्या बाबतीत मी आता जवळजवळ शरण आहे.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. नवगाव ते ठाणे, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. आपल्या आईंचा प्रश्न मी बैठकीत सांगितला तर चालेल का? अर्थात कोणाचाही उल्लेख न करता.

मी असे ठरवले आहे : पहिल्या आठवड्यात सावळा गोंधळ यांनी सांगितलेली वचने, दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून. नंतर डेव्हर, मग डॉरमन, आणि गोल्डनबर्ग जेवढे जमेल तेवढे. शोधनिबंध शेवटी. मुलीला लाखीशच्या शिल्पांची छायाचित्रे दाखवली. तिने बराच वेळ बैलगाडीवर बसलेल्या मुलांकडे पाहिले आणि विचारले, “यांना कुठे नेत आहेत?” रंगाचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

एक शंका उरली आहे. केहिमकरांचे पुस्तक येथे कोठे मिळेल?

नवगाव ते ठाणे

आईचे वाक्य जरूर सांगा, तिला आवडेल. पुस्तक विकत मिळणे अवघड आहे. आपल्या शहरातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. नाहीच मिळाले तर मला निरोप करा. आमच्या घरी एक प्रत आहे, तिची पाठबांधणी सुटली आहे, पण पाने सगळी आहेत. हव्या त्या प्रकरणाची छायाचित्रे काढून पाठवते.